आप्पा, सुतळी आणि पुढचं मॉडेल

पितांबर आप्पा चार वर्षांपासून गाडी घेत होता. घेतली नव्हती, घेत होता. आमच्या ब्राह्मणपुरीत लोक बैलजोडी घेतात, विहीर खणतात, सोयरीक मोडतात आणि दुसरी जोडतात, हे सगळं एका हंगामात उरकतं. आप्पाची गाडी मात्र चार वर्षं नुसती येत होती. तिच्यासाठी त्याने गोठा रिकामा केला. गोठा रिकामा करायचा म्हणून दोन्ही म्हशी विकल्या. गाडी आली नाही. तेव्हापासून आप्पाच्या घरात दूध पिशवीचं येतं.

मी दगा, आप्पाचा शेजारी. ट्रॅक्टर चालवतो, लायसन आहे. प्रत्येक शोरूमला आप्पा मला सोबत न्यायचा, कारण त्याला स्वतःला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी म्हणाल दगाने लपवलं. ज्याला क्लच कुठल्या पायाखाली असतो ते माहीत नाही, त्याने चार वर्षं तालुक्याला मायलेज शिकवलं. तालुका शिकला पण. येडे काय फक्त एका गावात असतात?

आप्पाच्या नजरेत तीन गाड्या होत्या. तिन्ही छोट्या, तिन्ही आपल्यासारख्या माणसाच्या आवाक्यातल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. कंपन्यांची नावं आप्पा घ्यायचा नाही, त्याने स्वतःची नावं ठेवली होती. पहिली बकरी. थोडं पिते, कुठेही चढते, पण पत्रा पातळ. दुसरी म्हैस. धडकली तर समोरचा जाईल, आपण राहू, पण पेट्रोल हौदाला तोंड लावल्यासारखं पिते. तिसरी मैना. दिसायला देखणी, आत टीव्हीएवढा पडदा, दार लावलं की 'थप' असा श्रीमंत आवाज, पण पोट जमिनीला टेकलेलं.

हे तो ठरवायचा सुतळीने. आप्पाच्या खिशात एक सुतळी असायची, तिला तीन गाठी. पहिली गाठ भिकुबाईच्या गुडघ्याची. भिकुबाई म्हणजे आप्पाची बायको, आमची काकू. तिचे गुडघे गेलेत. घराच्या ओट्यावर ती बसते आणि हात न टेकता उठते, म्हणून ओट्याची उंची म्हणजे पहिली गाठ. सीट त्याच्या खाली असली की गाडी बाद. दुसरी गाठ गावात शिरताना पाटचारीवर जो उंचवटा आहे त्याची. गाडीचं पोट त्याच्या वर पाहिजे. तिसरी गाठ गोठ्याच्या दाराची रुंदी.

शहाद्याच्या शोरूममध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा काचेच्या दाराशी आमचे आधी पाय बघितले गेले, मग चेहरे. टायवाल्या पोरांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. मग आप्पाने खिशातून सुतळी काढली, गुडघ्यावर बसला आणि सीट मोजायला लागला, तेव्हा ते उघड हसले. मला असा राग आला की काच फोडावी. आप्पाला काही नाही. तो म्हणाला, "हसू दे रे भो. कागदवर सीटनी उंची लिखेल नही, म्हनीसन मोजी ऱ्हायनू." खरंच लिहिलेली नव्हती. चाळीस पानांच्या चकचकीत पुस्तकात आतल्या दिव्याचे सात रंग छापले होते, पण दुखऱ्या गुडघ्याची बाई बसेल की नाही ते एका पानावर नव्हतं. मग हसायचं कोणी कोणाला?

डिकीचंही तसंच. ते लिटरमध्ये सांगायचे. आप्पा म्हणायचा, "माले दूध नही भरनं तिन्हामा. घड बठस का ते सांग." आणि घरून गोणपाटात बांधून आणलेला केळीचा घड डिकीत ठेवून बघायचा. बकरीच्या डिकीत एकदा घडाचा चीक सांडला. असा काळा डाग पडला की नवीन गालिचा वर्षभर जळल्यासारखा दिसत होता.

एवढं मोजून झालं की कोणीही शहाणा माणूस घेऊन टाकेल. बकरी तिन्ही गाठींत बसत होती. पण आप्पा तिथून उठायचा आणि एसटी स्टँडसमोर चांदमल सेठच्या दुकानात जायचा. सेठचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. घराणं राजस्थानचं, पण सेठ शहाद्यात जन्मला, आमच्यापेक्षा अस्सल अहिराणी बोलतो. त्याची आप्पाची तीस वर्षांची दोस्ती. आणि त्यालाही गाडीच घ्यायची होती. त्याच तिघींपैकी.

त्यांचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

"सेठ, औंदा लई टाकस."

"ले ना. कोन नही म्हनस? पन दिवाईले नवं मॉडेल यी ऱ्हायनं. आते लेशी ते दिवाईले तुन्ही गाडी म्हतारी."

"मंग दिवाईले लेसू."

"येडा शे का? पहिला लॉट कोन लेस? पहिला लॉट म्हंजे कंपनी तुन्हावर शिकस. खडखड निंघी, स्क्रू निंघी. लोकेसले लेऊ दे, वरीसभर देखूत."

"बरं, वरीसभरमा लेसू."

"वरीसभरमा तिन्हा मुखडा बदलस ना!"

"मंग लेवानी कव्हय?"

"घाई काय शे?"

मुखडा बदलणे म्हणजे काय ते सांगतो. कंपनी जुनीच गाडी घेते, पुढचे दिवे बारीक करते, मागचे आडवे करते आणि म्हणते, सर्वस्वी नवीन. आमच्या गावचा न्हावी तेच करतो, पण तो त्याचे पन्नास रुपये घेतो आणि माणूस तोच आहे हे कबूल करतो.

खरं कारण वेगळंच होतं. आप्पा वाट बघत होता सेठने आधी घ्यायची, म्हणजे खोड कळेल. सेठ वाट बघत होता आप्पाने आधी घ्यायची. दोघांनी एकमेकांना उंदीर समजून पिंजऱ्याचं दार उघडं धरलं होतं, आणि दोघेही आत जात नव्हते. वर सेठच्या मोबाइलवर रोज नवे फोटो. रस्त्यावर चाचणीला सोडलेली न आलेली गाडी, तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या चट्ट्यांची गोधडी. ओळखू येऊ नये म्हणून कंपनी पांघरते. सेठ दोन बोटांनी फोटो मोठा करायचा. "ह्या देख, मांगना दिवा! गोधडीमाइन दिखस." दोन साठीचे बाप्ये दुसऱ्याच्या गाडीची गोधडी उचलून बघत बसलेत, आणि गिऱ्हाईक नळी नळी म्हणून ओरडतंय.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्यात एक पोरगी अडकली होती.

आप्पाला एकुलती एक मुलगी, रुपा. दिली पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत. जावई भूपेश कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आमच्याकडून अर्ध्या तासाचा रस्ता. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येतेच. पण ती आपली आपण येत नाही. बापाने नाहीतर भावाने जाऊन तिला मानाने आणायची असते. त्याला मुराळी म्हणतात. मग लिंबाला झोका, सांजोऱ्या, आमरस, पोरी आणि गाणी.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आप्पा मुराळी म्हणून फटफटीवर गेला. त्याच वेळी रुपाच्या जेठाणीचा, म्हणजे थोरल्या जावेचा, भाऊ आला, चारचाकीत. जेठाणी भरल्या ओट्यावर म्हणाली, "रुपा, पिशवी घट धर वं. मांगे बठीसन उडी जाशी." बाया हसल्या. रुपा बावीस वर्षांची होती. तोंडातून निघून गेलं, "पुढली आखाजीले मन्हा आप्पा गाडी लई यी. नही लई उना ते मी जावाव नही."

आता मला सांगा, बापाची माया चाकं मोजून ठरवणाऱ्या बाया मूर्ख की त्या बायांना घाबरणारा बाप मूर्ख? रुपाचंही चुकलं. पण चारचौघींत बोललेला शब्द पोरीला गिळता येत नाही. आप्पाला तो शब्द कळला तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि तो दुसऱ्याच दिवशी सुतळीला गाठी मारायला बसला. तिथून सगळं सुरू झालं. पोरीसाठीच सुरू झालं, हे विसरू नका. आप्पा मात्र विसरला.

दुसऱ्या आखाजीला नवं मॉडेल दिवाळीत येणार होतं. तिसऱ्या आखाजीला ते आलेलं होतं, पण पहिला लॉट. चौथ्याला मुखडा बदलणार होता. तीन आखाज्या रुपा आली नाही. एरवी यायची, एसटीने, भूपेशच्या स्कूटरवर, आजारपणाला, कार्याला. आखाजीला नाही. भिकुबाई दरवर्षी लिंबाला झोका बांधून घ्यायची माझ्याकडून. दुसऱ्यांच्या पोरी खेळून जायच्या. संध्याकाळी रिकामी फळी हलत राहायची आणि काकू ओट्यावर, पहिल्या गाठीच्या उंचीवर, बसून बघायची.

यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी रुपाचा फोन आला. भूपेशला कर्नाटकातल्या एका साखर कारखान्यात जागा मिळाली. इथला हंगाम संपलाच होता. आखाजी झाली की सामान हलवणार. मग दोन वर्षांनी येतील की तीन, कोण सांगणार? नात साडेतीन वर्षांची झाली, तिने आजोळचा झोका अजून बघितला नाही.

काकूने फोन ठेवला आणि आप्पाकडे बघितलं. मी तिथेच होतो, पंपाचा स्टार्टर दुरुस्त करत होतो. आप्पाने खिशातली सुतळी चाचपली. मग म्हणाला, "बरंच व्हयनं एक परी. जूनमा नवं मॉडेल यी ऱ्हायनं, गॅसना दोन धाकल्या टाक्या, डिकी पुरी मोकयी. मंग कर्नाटकले जावाले लांबना प्रवासले तीच बरी."

माझ्या हातातला पान्हा पडला. काकू उठली, हात टेकून उठली, आणि आत गेली.

आखाजीच्या दोन दिवस आधी वीरसिंग गाडी घेऊन गावात आला. वीरसिंग हा बकरीच्या शोरूमचा विक्रीचा माणूस. धडगावकडचा पावरा, बी.कॉम., घरी पावरी बोलतो, आमच्याशी शाळेतल्या मास्तरसारखं शुद्ध मराठी. बेचाळीस डिग्रीत गळ्यात टाय. पहिल्या दिवशी आम्हाला बघून हसला नव्हता तो एवढाच. त्याने आप्पाला आजवर एकोणीस टेस्ट ड्राइव्ह दिल्या होत्या. विसावी घरपोच, कारण महिना संपत आला होता आणि ह्या मॉडेलच्या उरलेल्या गाड्या काढायच्या होत्या.

"आप्पा, आज शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "चालवून बघा. दहा किलोमीटर. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा."

"देखूत ना," आप्पा म्हणाला आणि सवयीने मागचं डावं दार उघडून धाडकन लावलं. आवाज ऐकायला. प्रत्येक वेळी तेच दार. मग त्याने खिशातून सुतळी काढली.

तेवढ्यात काकू बाहेर आली. ठेवणीतली हिरवी साडी, हातात सांजोऱ्यांचा डबा, काखेत पिशवी. गाडीकडे चालत गेली, मागचं दार उघडलं, आधी बसली, मग एकेक पाय आत घेतला. गुडघा कुरकुरला नाही. चार वर्षांत सुतळी शंभरदा त्या सीटला लागली असेल. बाई पहिल्यांदा टेकली.

"तू कोठे?" आप्पा म्हणाला.

"गाडी देखाले."

"तुले गाडीमधलं काय समजस?"

"गुडघा मन्हा शे ना?" काकू म्हणाली. "चार वरीसपाइन तुम्ही मन्हा गुडघा खिसामा लई फिरी ऱ्हायनात. आज तो पायलेच ऱ्हाऊ द्या. बठा."

आप्पा बसला. मी स्टेअरिंगला, वीरसिंग माझ्या बाजूला, मागे दोघं. पाटचारीचा उंचवटा आला, पोट घासलं नाही. आप्पाने वहीत लिहिलं. हे त्याने आधी एकोणीस वेळा लिहिलं होतं. गाव मागे पडलं. केळीचे आणि पपईचे मळे, त्यावर ऊन नुसतं ओतलेलं. दहा किलोमीटर पुरे झाले तसा वीरसिंग म्हणाला, "दगाभाऊ, इथून वळवून घ्या."

"दगा, सरय चाल," मागून आवाज आला.

"काकू, कुठे सरळ?"

"पुरुषोत्तमनगर. मन्ही आंडेरले लेवाले."

आंडेर म्हणजे लेक, हे धडगावच्या वीरसिंगलाही माहीत होतं. त्याने टाय सैल केला. "काकू, ही शोरूमची डेमो गाडी आहे. मला साहेब फाडून खाईल."

"खाई तव्हय खाई. तू सांजोरी खा." काकूने डबा उघडून त्याच्या हातावर एक ठेवली. दुसरी माझ्या तोंडात. तोंड भरल्यावर माणूस काय बोलणार?

आप्पा कुजबुजला, पण गाडी छोटी, सगळ्यांना ऐकू गेलं. "भिके, गाडी आपली नही ना."

"आंडेर ते आपली शे?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागला. मग अर्धा मैल गेल्यावर, सवय वाईट असते, पुढे वाकून मला म्हणतो, "दगा, तिसरा गिअरमा ओढस का रे?" काकूने असं बघितलं की त्याने वही मिटली.

बाई मुराळी म्हणून निघाली हे आमच्याकडे कोणी बघितलेलं नव्हतं. मी सरळ चालवत राहिलो. मला वीस टेस्ट ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा कळत होतं की गाडी कुठे चाललीये.

कॉलनी आली तसा आप्पाला घाम फुटला. कारण गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारापासून दारापर्यंत, लाल अक्षरांत 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेलं होतं. खाली बारीक अक्षरांत, 'आजच चालवून पाहा'.

"भितीले चिकटाडी लाव," तो म्हणाला.

"एक बाजू लपेल आप्पा. दुसरीचं काय?"

एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूला त्याने मला अक्षरांना पाठ लावून उभं केलं. मी हडकुळा, 'टेस्ट' झाकला गेला, 'ड्राइव्ह' उघडा राहिला. मग वीरसिंगला उभं केलं. टाय लावलेला मुराळी बघून कॉलनीतली पोरं जमली. आप्पा स्वतः खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरून असा उभा राहिला की जणू गाडी अंघोळ करतेय.

रुपाची सासू मीनाबाई बाहेर आली. भोळी बाई. तिने बघितलं ते एवढंच की व्याही गाडी घेऊन आलाय आणि विहीण स्वतः आलीये. "अवं, व्याहीनी गाडी लिधी! थांबा, थांबा!" म्हणत आत धावली आणि ताट घेऊन आली. आम्ही थांबा म्हणेपर्यंत तिने हळदकुंकू कालवून बॉनेटवर वीतभर स्वस्तिक काढलं होतं.

वीरसिंग माझ्या कानाला लागला. "दगाभाऊ, बॉनेट कंपनीचं आहे हो."

मग मीनाबाईने पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. फटकन फुटला, एका दणक्यात दोन सारखी शकलं, पाणी टायरवर उडालं. आमच्याकडे नारळ फुटला की वाहन घरचं. ते परत पाठवणं म्हणजे माप ओलांडून आलेल्या सुनेला परत पाठवणं. हे आप्पाला माहीत होतं. त्याचं उपरणं हळूहळू खाली आलं.

आणि जेठाणी पुढे आली. तिला वाचता येत होतं, दुर्दैवाने. "टेस्ट ड्राइव्ह," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांसाठी. "दुकाननी शे ही! आप्पा, भाडानी व्हती ते चालतं. ही ते फुकटनी शे!"

ओट्यावरच्या बाया हसल्या. त्याच बाया, तेच हसणं, मध्ये चार वर्षं गेलेली. पिशवी घेऊन दारात आलेली रुपा तिथेच थांबली. तिने अक्षरं बघितली, बॉनेट बघितलं, आईची हिरवी साडी बघितली. नात एवढ्यात माझ्या पायांमधून गाडीत शिरून स्टेअरिंगवर बसली होती आणि हॉर्न दाबत होती.

"आप्पा," रुपा म्हणाली. आवाज बारीक होता. "गाडी आपली शे का?"

आप्पाने तोंड उघडलं. आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. आप्पाच्या फोनचं कानाला लावायचं बिघडलंय, तो नेहमी मोठ्या आवाजावरच बोलतो. घाबरलेल्या माणसाने बटण दाबलं आणि चांदमल सेठ अख्ख्या कॉलनीला ऐकू आला.

"पितांबर! फोटो उना! गोधडी काढी टाकी कंपनीनी! मांगना दिवा आडवा करेल शे, एक नंबर! तू काहीच लेऊ नको, आयकी ऱ्हायना का? दोन महिना थांब फक्त! पितांबर?"

आप्पा फोनकडे बघत होता. मग त्याने काकूकडे बघितलं. काकू गाडीतून उतरली नव्हती, डबा मांडीवर घेऊन बसली होती, सरळ समोर बघत. मला तिच्या त्या बसण्याची भीती वाटली. आप्पा आज थांब म्हणाला असता तर ती बाई आयुष्यभर तशीच समोर बघत राहिली असती. रिकाम्या फळीकडे बघायची तशी.

"सेठ," आप्पा म्हणाला. फोनमध्ये बोलला, पण तोंड रुपाकडे होतं. "मी गाडी लई लिधी."

"काय? कव्हय?"

"आते. नारय फुटना."

"अरे येडा! कोन्ता लॉट?"

"शेवटला," आप्पा म्हणाला आणि फोन बंद केला.

वीरसिंग अक्षरांपासून सुटून पुढे आला. "आप्पा, ही विकायची नाही! तुम्हाला नवी कोरी देतो ना, ही डेमोची आहे!"

"नारय नवीवर फोडा का हिन्हावर?"

वीरसिंगने बी.कॉम. झालेल्या डोक्यावर हात मारून घेतला. काकूने आतून हाताने सीट थोपटली. "रुपा, बठ. रस जास्त टाइम टिकत नही." रुपा बसली. जेठाणी काहीतरी म्हणाली, पण नातीने हॉर्न दाबला, त्यामुळे काय म्हणाली ते माहीत नाही. माहीत करून घ्यायची गरजही वाटली नाही.

परत येताना शोरूमला थांबलो. साहेब आधी ओरडला, मग स्वस्तिक बघून हळू झाला, तोही खान्देशातलाच होता. म्हणाला, "अहो, ही साडेआठ हजार किलोमीटर चाललीये. मागचं डावं दार खडखडतं. डिकीत कसला तरी काळा डाग आहे, जात नाही."

वीरसिंग म्हणाला, "साहेब, त्यातल्या वीस फेऱ्या ह्यांच्याच. दार ह्यांनीच आपटून आपटून सैल केलंय. आणि डाग ह्यांच्याच केळीचा आहे."

आप्पाचा चेहरा उजळला. चार वर्षं ज्याची वाट बघत होता ते त्याला मिळालं होतं. ज्या गाडीची प्रत्येक खोड आधीपासून ठाऊक आहे अशी गाडी. मॉडेल बंदच होणार होतं, डेमोची गाडी काढायचीच होती, साहेबाने किंमत उतरवली. कागद आखाजीनंतर, गाडी आज. फक्त बाजूंची अक्षरं खरवडून काढायला माणूस नव्हता. आप्पा म्हणाला, ऱ्हाऊ द्या, खरवडलं तर रंग जाईल, पुढे विकताना किंमत कमी येते. गाडी घेऊन एक तास झाला नव्हता आणि हा विकायच्या विचारात!

आखाजीला लिंबाखाली गाडी उभी होती आणि लिंबाला झोका. मी बांधला, पण फळी एका बाजूने घसरत होती म्हणून काकूने कुठूनशी सुतळी आणून ती आवळली. नात पहिल्यांदा बसली, भ्यायली, मग उतरेचना. रुपा तिच्या मागे उभी राहून झोका देत होती आणि गात होती, शब्द विसरत होती, काकू ओट्यावरून शब्द पुरवत होती. आठ दिवसांनी ही पोरगी कर्नाटकात असेल. काकूने तो विषय काढला नाही. सांजोऱ्या मात्र तिच्या पिशवीत भरत राहिली, पिशवी फाटेपर्यंत.

दुपारी चांदमल सेठ आला. एसटीने, उन्हात, टोपी घालून. सणाचं काही बोलला नाही. आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागचं डावं दार उघडून लावलं, खडखड ऐकली, डिकीतला डाग नखाने खरवडला.

"पहिले दिवसले खडखड?"

"मन्हीच शे ती," आप्पा अभिमानाने म्हणाला. "मी करेल शे."

"हं." सेठ खाटेवर बसला, रसाची वाटी तोंडाला लावली. "आते तू वरीसभर चालाड. मंग मी देखस. तव्हयलोंग नवा मुखडा बी यी जाई." मग आवाज खाली आणून, जसं काही चोरीचं मागतोय, "पितांबर, ती सुतळी दे ना जरा. कंकुबाईना गुडघा बी तसाच व्हयेल शे. तिन्हासाठे सीट मोजी लेतू." कंकुबाई म्हणजे सेठची बायको.

आप्पाने खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग त्याची नजर झोक्याच्या फळीवर गेली. तिथे तीन गाठी होत्या, आणि वर नात बसलेली.

काकू ओट्यावरून म्हणाली, "सेठ, सुतळी कसाले? कंकुबाईलेच लई जा ना शोरूममा."

सेठने वाटी खाली ठेवली. घाबरला बिचारा.

"नही वं भाभी," तो म्हणाला. "तिले न्हेसू ते ती त्याच दिन लई टाकी!"